लंगड्या वटवाघळाची कच्ची प्रत

शाळेत त्यांना सगळे कच्च्या बाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की कच्च्या बाई. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं, कारण हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर काही काढलं की त्या हमखास म्हणायच्या, "हे कच्चं आहे हं, पक्कं नंतर करू." मग घंटा व्हायची. पुढच्या तासाला गणिताचे सर येऊन ते कच्चं पुसून टाकायचे आणि बाईंचं पक्कं तिथेच राहून जायचं.

घरीही तीच तऱ्हा. बाहेरच्या खोलीचा पडदा या घरात राहायला आल्यापासून टाचण्यांवर लटकत होता. "सध्या टाचून ठेवते, शिलाई मारू सावकाश," असं त्या म्हणाल्या होत्या, त्यानंतर पडद्याचा रंग उडून गेला, टाचण्या मात्र होत्या तिथेच. त्यांचे यजमान वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत नोकरीला. माणूस इतका काटेकोर, की वाचून झालेलं वर्तमानपत्र मूळ घड्यांवर घडी घालून ठेवायचा. पाहुण्यांना ते सांगायचे, "हिने लग्नाला होकारसुद्धा 'सध्या हो म्हणते' असा दिला होता. तो अजून पक्का झालेला नाही, म्हणून मी जरा जपून असतो." यावर बाई हसायच्या आणि विषय बदलायच्या. होकार पक्का केला मात्र नाही.

यात आळस नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बाई दिवसभर राबायच्या. फक्त एखादी गोष्ट संपली म्हणायची वेळ आली की त्यांचा हात अडखळायचा. अजून थोडं बरं होईल, अजून एक विचार करून बघू, असं वाटायचं आणि वस्तू टाचणीवर राहायची. मुलांची गंमत अशी, की त्यांना हे फार आवडायचं. बाईंच्या तासाला चुकायला भीती वाटत नसे. जिथे बाईंचंच सगळं कच्चं, तिथे आपलं काय बिघडतं?

तर त्या वर्षी शाळेतल्या सगळ्यांत मोठ्या वर्गाने प्रदर्शनासाठी एक वटवाघूळ करायचं ठरवलं. शाळेच्या अडगळीच्या खोलीत विसरलेल्या छत्र्यांचा ढीग साठला होता. काड्या मोडलेल्या, कापड फाटलेलं, कुणी परत न्यायला न आलेल्या. त्यातली एक छत्री उघडून एका मुलाने उजेडासमोर धरली, फाटकं कापड खाली लोंबलं आणि तो ओरडला, "बाई, वटवाघूळ!" तेवढं पुरलं. छत्र्यांची कापडं उसवली गेली, काड्या तारांनी जोडल्या गेल्या, चित्रकलेच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. ज्याने ही कल्पना काढली, तो मुलगा पुढे सगळा वेळ एका उघड्या छत्रीखाली बसून गाणी म्हणत राहिला. त्याचं नाव पडलं छत्रीतला.

वटवाघूळ सभागृहाच्या छताला उलटं टांगायचं, पंख मिटलेले ठेवायचे, प्रत्येक पंखाभोवती एक दोरी बांधायची आणि पाहुण्यांसमोर दोरीचं टोक खालून ओढलं, की गाठ सुटून पंख धाडकन उघडायचे, अशी सगळी योजना. आता दोरी ओढली की सुटते ती सुरगाठ, आणि ओढाल तितकी आवळत जाते ती निरगाठ. इथे सुरगाठ हवी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

उजव्या पंखाची गाठ छत्रीतल्याने मारली. ज्याच्या बुटाच्या नाड्या कधी बांधलेल्या दिसल्या नाहीत, त्याची गाठ ती काय असणार? डाव्या पंखाची गाठ मारायला शिडीवर चढली ती वर्गातली सगळ्यांत नेटका हात असलेली मुलगी. वटवाघळाचा निम्मा सांगाडा तिनेच बांधला होता. ती वर, बाई खाली शिडी धरून. बाईंची नजर वरच्या त्या जडशीळ पंखावर गेली, तो मध्येच सुटून पोरीच्या डोक्यात बसला तर, असं मनात आलं. त्या घाबरून म्हणाल्या, "पक्कं बांध गं! सुटता कामा नये."

आयुष्यात एकदाच त्यांच्या तोंडून पक्कं हा शब्द नंतरशिवाय बाहेर पडला, आणि नेमका तेव्हाच.

प्रदर्शनाच्या दिवशी पालक आले, पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या. मुख्याध्यापकांनी दोन्ही दोऱ्या ओढल्या. उजवा पंख असा झोकात उघडला, की पुढच्या रांगेने टाळ्या वाजवायला हात उचलले. डावा मिटलेलाच. मुख्याध्यापकांनी त्याची दोरी पुन्हा ओढली. गाठ आवळली. तिसऱ्यांदा ते दोरीला जवळजवळ लोंबकळलेच, तेव्हा सबंध वटवाघूळ एका बाजूला कललं आणि एक पंख पसरून संथपणे गोल गोल फिरू लागलं. "त्याची झोप पुरी झालेली दिसत नाही," असं मुख्याध्यापक म्हणाले आणि सभागृह हसून लोटपोट झालं. छत्रीतल्याची पाठ थोपटली गेली. लंगडं वटवाघूळ हे नाव शाळेत त्याच संध्याकाळी रूढ झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीला वर्गात कुणीतरी हाक मारली, "काय गं निरगाठ?"

बाईंच्या आदल्या दिवशी सभागृहातच जिभेवर आलं होतं, की अरे, मीच सांगितलं तिला. पण पाहुणे भोवती होते, कुणीतरी हार्दिक अभिनंदन वगैरे करत होतं, त्यांनी ठरवलं, हे नंतर नीट, सगळ्यांना बसवून सांगू. आणि बाईंच्या नंतरचं काय होतं, ते आता वेगळं सांगायला नको.

मुलगी कुणाला काही बोलली नाही. बाईंनीच सांगितलं होतं, एवढंच बोलली असती तर तिची सुटका झाली असती. ती गप्प राहिली, फक्त चित्रकलेच्या खोलीत यायची बंद झाली. पूर्वी घंटा होण्याआधी हजर असायची आणि झाल्यावर हाकलावी लागायची, आता मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन बसू लागली. जाताना चित्रकलेच्या खोलीच्या दाराकडे बघायचीही नाही. बाईंना ते बघवत नव्हतं. वर्ग थोड्याच दिवसांत शाळा सोडून जाणार होता आणि ही पोरगी शाळेतून एवढंच घेऊन जाणार, की आपल्याला गाठ मारता येत नाही, हे त्यांना सहन होईना.

अशात बाईंची भाची घरी आली. ती कलामहाविद्यालयात शिकत होती. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "मावशी, तू मुलांबरोबर झीन का नाही करत?"

"म्हणजे काय करायचं?"

"छोटंसं पुस्तक, हाताने केलेलं. लिहायचं, चिकटवायचं, झेरॉक्स काढून वाटायचं. काय केलं, काय फसलं, काय कळलं, असं सगळं त्यात. आणि मावशी, त्यात नीटनेटकेपणा चालत नाही. खाडाखोड, डाग, वेडीवाकडी कापलेली चित्रं, तीच खरी मजा."

"आमच्या वेळचं हस्तलिखितच की," यजमान वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले.

बाईंना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. नीटनेटकेपणा चालत नाही! जन्मभर ज्या गोष्टीवरून बोलणी खाल्ली, तिचं पुस्तक निघतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता कुणालाही वाटेल, की बाई बसल्या आणि झीन करून मोकळ्या झाल्या. छे. पसारा कसा असावा याचा विचार करायला त्यांनी अशी बैठक मारली, की तितका नेटका विचार यजमानांनी वजनमापांचाही कधी केला नसेल. कुठल्या पानावर खाडाखोड, कुठल्या कोपऱ्यात फाटलेला कागद, डाग कितव्या पानावर शोभेल. डागासाठी तर प्रयोगच सुरू झाले. कपात चहा घ्यायचा, कप कागदावर टेकवायचा, उचलायचा आणि कडं कसं उमटलं ते बघायचं. जेवायच्या टेबलावर कागदच कागद.

"आम्ही जन्मभर टेबलावरचे डाग पुसत आलो," सासूबाई म्हणाल्या, "आता कळलं, ती कला होती."

"आई, हा कच्चा डाग आहे. पक्का नंतर."

"डागातसुद्धा कच्चा आणि पक्का?" सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. "आणि माझा निळा कप कुठे आहे? दोन दिवस झाले, दिसत नाही."

"असेल इथेच," बाई घाईघाईने म्हणाल्या आणि कागद गोळा करू लागल्या. निळा कप वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे होता. त्याचं कडं सगळ्यांत सुंदर उमटायचं. उमटवता उमटवता त्याचा कान तुटला होता.

वर्गाला मात्र झीनमध्ये काडीचा रस नव्हता. ज्या गोष्टीवरून सगळी शाळा हसली, तिच्यावर पुस्तक कशाला काढायचं? "बाई, विसरू द्या ना आता," मुलं म्हणाली. मुख्याध्यापकांना उलट फारच रस होता. त्यांना पहिल्या पानावर दोन्ही पंख उघडलेलं चित्र हवं होतं. "पंख नसेल उघडला, चित्रात तरी उघडता येतो ना?" असं त्यांचं म्हणणं. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात प्रत पाहिजे, हेही त्यांनी बजावलं, आणि बाईंना ओळखून असल्यामुळे दोनदा बजावलं.

बाईंनी त्या मुलीला वाचनालयाच्या दारात गाठलं.

"झीन करतोय आपण. तुझं पान काय करू या?"

"मला नका घालू त्यात, बाई."

"असं कसं? निम्मं वटवाघूळ तुझं आहे."

"मग माझं पान कोरं ठेवा," ती म्हणाली आणि निघून गेली. रागावून नाही. रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

तेव्हा बाई डमी करायला बसल्या. छापखानेवाले जिला डमी म्हणतात, ती खऱ्या पुस्तकाच्या आधी करायची पुस्तिका. कोरे कागद दुमडायचे आणि कुठल्या पानावर काय येणार ते पेन्सिलने लिहून ठेवायचं. स्वतःपुरतं असतं ते, दुसऱ्या कुणी वाचायचं नसतं, त्यामुळे बाईंची पेन्सिल मोकळी सुटली. मोठ्याने बोलल्यासारखं त्या लिहीत गेल्या, खोडत गेल्या, पुन्हा लिहीत गेल्या. जागोजाग चहाची कडी उमटली. ती मात्र खरी, चहा पिताना उमटलेली. मग त्या डमीवरून त्यांनी पक्की प्रत करायला घेतली. शाईने, सुबक अक्षरात, विचारपूर्वक पाडलेल्या डागांसह. सगळी पानं पुढे सरकत होती आणि एका पानाशी येऊन घोडं अडत होतं. त्या मुलीच्या पानावर काय लिहावं, हे त्यांना सुचत नव्हतं. कोरं सोडवत नव्हतं आणि लिहिलेलं पसंत पडत नव्हतं.

झेरॉक्सवाल्याचं दुकान शाळेच्या फाटकासमोर. टपरीएवढी जागा, त्यात दोन मशीन आणि तो. बाईंचा आणि त्याचा संबंध फार जुना, आणि इतक्या वर्षांत बाईंनी त्याला एकही काम सांगितलेल्या दिवशी आणून दिलेलं नव्हतं.

"असं बघा," बाईंनी त्याला समजावलं, "हे हाताने केल्यासारखं दिसलं पाहिजे."

"म्हणजे चांगलं नको?"

"चांगलंच हवं, पण हाताचं. खोडलेलं खोडलेलं दिसलं पाहिजे. पेन्सिल उठली पाहिजे. डाग पुसायचे नाहीत."

"बाई, लोक मला डाग आला म्हणून पैसे परत मागतात."

"आम्ही नाही मागणार. तीच तर मजा आहे. आणि ही डमी तुमच्याकडे ठेवून जाते, पाठपोट पानं कशी लावायची ते कळेल. हे कच्चं आहे हं. पक्कं उद्या देते."

उद्या झाला. परवा झाला. बाई घरी त्या एका पानासमोर बसलेल्या. निरोपाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी शिपायाला झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं. "प्रती झाल्या का?" शिपायाने विचारलं. झेरॉक्सवाल्याने डमी हातात घेतली. उलटसुलट बघितली. खाडाखोड होती. पेन्सिल होती. डाग होते. बाईंनी जे जे सांगितलं होतं, ते ते सगळं होतं. बाईंचं पक्कं उद्या काय असतं, ते त्याला काही आजच कळलं नव्हतं. बिचाऱ्या संकोचाने कच्चं म्हणत असतील, असं त्याच्या मनाने घेतलं. पेन्सिल नीट उठावी म्हणून त्याने मशीनचा गडदपणा वाढवला आणि सबंध वर्गाला पुरतील एवढ्या प्रती काढल्या.

निरोपाच्या दिवशी सकाळी बाई शाळेत निघाल्या त्या सबब तयार करूनच. पिशवीत पक्की प्रत होती, सुबक, सुंदर आणि एक पान कोरं असलेली. आणखी एक दिवस मागू, घरपोच पाठवू, असं काहीबाही त्या मनात जुळवत होत्या.

चित्रकलेच्या खोलीपाशी येताच मनात पाल चुकचुकली. आत वर्ग होता आणि शांत होता. हा वर्ग शांत असायचं काही कारणच नव्हतं. त्या दारात उभ्या राहिल्या. मुलं जमिनीवर, टेबलांवर, खिडकीत, मिळेल तिथे बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात दुमडलेल्या कागदांची एकेक पुस्तिका होती. वाचत होती. एवढ्यात छत्रीतल्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'छत्रीतला. याने काम काहीही केलं नाही. पण हा आला नाही त्या दिवशी कुणाच्याच हातून काम झालं नाही. हे कसं सांगावं? सांगितलं तर फुगेल.'"

वर्ग खो खो हसला. छत्रीतला बाईंच्या अंदाजाप्रमाणे फुगला होता.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, द्या इकडे! ते कच्चं आहे!"

आजवर ज्या वर्गाने बाईंचा शब्द निदान अर्धा तरी ऐकला होता, त्याने तो आज अजिबात ऐकला नाही. प्रती पोटाशी धरल्या गेल्या. कापड शिवणाऱ्या दोघी मैत्रिणी एकाच प्रतीत डोकं घालून वाचत होत्या. "'सगळा वेळ भांडल्या. टाका मात्र इतका एकसारखा, की कुठला कुणाचा, ते मला अजून ओळखता येत नाही.'" चष्मेवाला मुलगा चष्मा पुसत होता. त्याच्या पानावर लिहिलं होतं, की छत्र्यांच्या काड्या सगळे मोजत होते, मोडलेल्या काड्याही मोजून नीट बांधून ठेवणारा हा एकटाच, आणि शेवटी त्याच उपयोगी पडल्या. मुलं एकमेकांची पानं वाचत होती आणि मधूनच बाईंकडे बघत होती. ज्या बाईंना आज वार कोणता ते सांगावं लागतं, त्यांनी हे सगळं कधी बघून ठेवलं?

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. त्यांनीही एक प्रत उचलली आणि चष्मा वर करून पहिलं पान वाचलं. "'मुख्याध्यापकांचे दोन शब्द. दोनच मागायचे. मागच्या वेळी चार पानं दिली होती.'"

मुख्याध्यापकांनी पान उलटलं. पुन्हा पहिल्यावर आले. खिशातलं पेन काढलं, रिकाम्या जागेत काहीतरी लिहिलं आणि प्रत टेबलावर ठेवून बाहेर पडले. मुलांनी झडप घातली. त्यांनी लिहिलं होतं, "वाचलं. आवडलं."

हसणं जरा ओसरलं, तेव्हा बाईंना ती दिसली. खिडकीजवळ भिंतीला टेकून उभी होती. इतक्या दिवसांनी त्या खोलीत. तिच्या हातातली प्रत ज्या पानावर उघडी होती, ते पान बाईंना दुरूनही ओळखता आलं, कारण सगळ्यांत जास्त खोडलेलं तेच होतं. एकेक करून बाकीची मुलंही त्या पानाशी पोहोचत होती आणि मान वर करून तिच्याकडे बघत होती. पानावर काळ्या कुळकुळीत झालेल्या पेन्सिलीत लिहिलं होतं:

"कोरं ठेवा म्हणाली. ठेवू? गाठ तिने चांगलीच मारली. मीच म्हटलं होतं, पक्कं बांध, सुटता कामा नये. मी जन्मात एक गोष्ट पक्की करायला सांगितली आणि नेमकी ही ऐकणारी निघाली. हे मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. तिनेही सांगितलं नाही. कसं लिहू?"

बाईंना पळून जावंसं वाटलं. सवयीने तोंडावर आलंच होतं, की हे कच्चं आहे, पक्कं मी वेगळं लिहिणार होते. त्यांनी ते गिळलं.

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "गाठ तिची चुकली नव्हती. माझं सांगणं चुकलं होतं. आणि मी गप्प बसले, ते तर त्याहून वाईट."

मग ती मुलगीच बोलली.

"मी दोनदा विचारलं होतं, बाई."

"काय?"

"शिडीवरून. 'नक्की पक्कं?' म्हणून. तुम्ही पक्कं म्हणालात, यावर माझा विश्वासच बसेना."

आधी छत्रीतला हसला. मग सगळा वर्ग. मग ती मुलगीसुद्धा, ओठ दाबून, हसू आवरत नसल्यासारखी. बाई हसत होत्या की रडत होत्या ते नीट कळत नव्हतं, त्यांनी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. "तरीच!" छत्रीतला म्हणाला. "आणि आम्ही हिला उगाच!" त्याने तिथल्या तिथे कान पकडले. तिने त्याच्या बुटांकडे बघितलं. नाड्या सुटलेल्या होत्या.

"आधी त्या बांध," ती म्हणाली.

प्रती आता सगळ्यांना घरी न्यायच्या होत्या, पण त्या सुट्ट्या होत्या. झेरॉक्सवाल्याने कागद दुमडून दिले होते, त्याचा स्टेपलर मध्यापर्यंत पोहोचत नव्हता. मूळ डमीला तर बाईंनी अर्थातच टाचणी लावली होती. पानं घसरत होती, एकाची दुसऱ्यात मिसळत होती. बाई टेबलाच्या खणात टाचण्यांची डबी शोधू लागल्या.

ती मुलगी कपाटाशी गेली. वटवाघळाच्या कापडाची सुई आणि दोरा कुठे ठेवलाय, हे तिला अजून ठाऊक होतं. तिने सुईत दोरा ओवला, पहिली प्रत मधोमध उघडी धरली आणि वर बघितलं.

"बाई, कच्चं टाचू की पक्कं?"

सगळा वर्ग बाईंकडे वळला. टाचण्यांची डबी बाईंच्या हातातच होती. एखादं मूल मध्येच प्रतीतून पान काढू म्हणेल, कुणाला काही बदलायचं असेल, पक्की प्रत अजून पिशवीत आहे, असं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

"पक्कं," बाई म्हणाल्या. "निरगाठ मार."

"नक्की?"

"नक्की गं बाई!"

तिने मांडी घातली आणि एकामागून एक प्रती शिवल्या. मुलं रांगेत उभी होती.

संध्याकाळी बाईंनी एक प्रत घरी आणली. यजमानांनी ती उभ्यानेच वाचून काढली आणि कुठेही घडी पडणार नाही अशा बेताने आईच्या हातात दिली. सासूबाई चष्मा लावून एकेक पान बघत होत्या. मध्येच थांबल्या. मोठ्याने वाचलं, "'इथे चहाचा डाग. सासूबाईंचा निळा कप वापरावा. कान तुटलाय, ते त्यांना सांगायचं नाही.'"

बाई स्वयंपाकघरात जायला निघाल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या.

"शाळाभर वाटलंस हे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"सगळ्या गावाला कळलं, फक्त ज्याचा कप त्याला नाही." त्यांनी ते पान चिमटीत धरलं आणि ओढलं. "हे पान मला दे. तुझ्या भाचीला दाखवते आणि विचारते, यात कला कुठे आहे." पान येईना. त्यांनी दोरा ओढून बघितला. दोरा आणखी आवळला. नखाने गाठ उकलायला बघितलं. गाठ हलेना. "कुणी बांधलंय हे? सुटत का नाही?"

"नाही सुटणार," बाई म्हणाल्या.

त्या असं काही ताठ मानेने म्हणाल्या, की यजमानांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि बायकोकडे बघतच राहिले.